चौदाव्या वाटेची तुटक रेघ

चि. मेहुणेबुवांस, भाऊजींचे आशीर्वाद. मी वयाने मोठा म्हणून देतो आहे. ते घेण्याची तुझी लायकी उरली आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. तब्येत कशी आहे? तुझ्याकडून ‘बरा आहे’ या दोन शब्दांपलीकडे काही येत नाही, त्यामुळे तू बरा आहेस एवढं मला पक्कं ठाऊक आहे आणि बाकी काहीही ठाऊक नाही. माझी प्रकृती उत्तम. (गुडघे, कंबर आणि झोप सोडून.) दुकानही उत्तम चाललं आहे. ताईच्या मागे भाऊजींचं कसं होईल, अशी काळजी तू करत असशील तर करू नकोस. करत नसशील तर थोडी करायला हरकत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे छापखानेवाला. गावामागच्या कड्याचं पोस्टर संपलं, आणि पुन्हा छापायचं तर एक गोष्ट आधी ठरवून द्या, म्हणून तो माझ्या मागे लागला आहे. ती गोष्ट काय ते पुढे येईलच. आधी हे पोस्टर संपतंच कसं, याचं तुला नवल वाटत असेल, कारण मलाही वाटतं. तुझी ताई होती तेव्हा पोस्टर घ्यायला फक्त तुमची चढणारी जमात यायची. फोटोवर तिने आखलेल्या रंगीत वाटांवरून बोट फिरवत तासतासभर उभी राहायची आणि माझ्या फ्रेमांच्या काचांवर कोपरं टेकायची. आता कोणीही येतं. शेवटची प्रत एका दंतवैद्याने नेली आणि खुर्चीसमोर लावली. कडा बघून पेशंट आपोआप आ वासतात, म्हणे. (मी दाढ दाखवायला गेलो होतो. खरं आहे.) त्याआधी नवीन लग्न झालेलं एक जोडपं भिंतीवरची ओल झाकायला आलं होतं. त्यांना नुसता डोंगर हवा होता, रेघा पुसून मिळतील का म्हणाले. पाणीपुरवठा खात्यातले एक गृहस्थ चष्मा वरखाली करत बराच वेळ लाल रेघ न्याहाळत होते आणि शेवटी मान हलवून म्हणाले की ही लाइन चुकीच्या बाजूने नेली आहे, वर प्रेशर मिळणार नाही.

आणि हे सगळं विकणारा कोण, तर मी. ‘फ्रेम भिंतीवर लावून मिळणार नाही’ ही पाटी आपल्या दुकानात पहिल्यापासून का आहे, हे तुला माहीत आहे. स्टुलावर चढलो की मला जमीन दूर गेल्यासारखी वाटते. परवा एका पोराने विचारलं, काका, नऊ नंबरची वाट कशी आहे? मी म्हटलं, हवेशीर आहे. तो खूश होऊन गेला. तुझ्या ताईने वाटांना नावंही अशी दिली आहेत की ‘उद्यापासून नक्की’ आणि ‘आधी जेवून घ्या’ यांतली अवघड कुठली, हे माझ्यासारख्याला जन्मात कळू नये.

आता छापखानेवाल्याची गोष्ट. बाकी सगळ्या वाटांची रेघ सलग आहे आणि चौदा नंबरची तुटक. खालून निघते, निम्म्याहून वर जाते आणि कड्याचं पोट पुढे आलं आहे तिथे थांबते. तुला काय सांगायचं? तिथूनच ताई सुटायची, तू दोरावर झेलायचास आणि संध्याकाळी दोघं माझ्या दुकानात बसून त्याच त्या पडण्यावर खिदळायचात. ही वाट तिने हेरली, तुम्ही दोघांनी मिळून तिच्यात दोर अडकवायचे बोल्ट ठोकले, आणि पहिल्या बोल्टला तिने माझ्या पार्सलच्या रिळातली लाल फीत बांधली. ही वाट कोणीतरी चढतं आहे, इतरांनी हात लावू नये, असा तुमच्यातला रिवाज. मला त्याचं फार कौतुक आहे. या जगात रांगेत ठेवलेल्या पिशवीला कोणी जुमानत नाही, पण फितीला जुमानतात. ती आजारी पडली, गेली, तू दोर माळ्यावर टाकलास आणि दूरची नोकरी धरलीस, तरी चौदा नंबरला कोणी शिवलेलं नाही. छापखानेवाला विचारतो, ही रेघ तुटकच ठेवायची, सलग करायची, की काढून टाकायची?

त्यातच गेल्या महिन्यात एक बाई आली. बँकेत कॅशिअर आहे, शाळेत जाणारी दोन मुलं आहेत, आणि चढते फार सुरेख असं सगळे सांगतात. म्हणाली, “काका, चौदा नंबरची फीत पार विरलीय. एखाद्या पावसात आपोआप पडेल, मग कोणीही चढेल. मला चढायचीय. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही.” मला इतका राग आला की मी तिचं पोस्टर उलटं गुंडाळून दिलं. उद्धट माणसाला दुकानाबाहेर काढता येतं. नम्र माणसाचं काय करायचं? मी म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला विचारणार, ते तिने विचारलं नाही.

तुला म्हणून लिहितो. ती रेघ पुरी झाली की तुझी ताई संपली, असं मला वाटतं. हे वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण तिचे कपडे दिले, औषधं फेकली, चष्मासुद्धा कोणाला तरी उपयोगी पडला. अर्धवट राहिलेलं असं तिचं हे एकच काम आहे, आणि ज्याचं काम अर्धवट आहे ते माणूस पुरतं गेलं असं मला म्हणवत नाही.

तरीपण मन घट्ट केलं, दुपारी दुकान बंद केलं आणि फीत सोडायला कड्यावर गेलो. पहिला बोल्ट चांगला दीड दरवाजाएवढ्या उंचीवर आहे, म्हणून दुकानातलं स्टूल बरोबर नेलं. (वाटेत तिघांनी विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, बसायला.) स्टुलावर उभा राहिलो तर हात वीतभर कमी पडला! एक पाय कड्यावर टेकला, मग दुसरा, आणि स्टूल आडवं झालं. तुझी ताई तिथून हातातला चहा न सांडता उतरली असती. मला मात्र ना वर जाता येई, ना खाली. ओरडायची लाज वाटली म्हणून बराच वेळ नुसताच कड्याला चिकटून राहिलो. तेवढ्यात उजवा हात एका खोबणीत गेला. आत बोटांना पांढरी पावडर लागली, तुम्ही लोक हाताला लावता ती. तिथे पाऊस पोचत नाही. त्या वाटेवर दुसरं कोणी चढलेलं नाही, म्हणजे पावडर तुम्हा दोघांचीच, आणि खोबण इतकी अरुंद की तुझा पंजा काही तिच्यात मावत नसणार. मी रडलो. भीतीने रडलो असं नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

सगळ्यांना म्हणजे कॅशिअरबाई आणि तिच्या दोन मैत्रिणींना. त्या पलीकडे पाच नंबरवर चढत होत्या. धावत आल्या. “काका, डावा पाय खाली. अजून. अजून थोडा. आला बघा,” असं करत तिने मला जमिनीवर आणलं, पाणी पाजलं. कोणीही हसलं नाही. (तू असतास तर हसला असतास, आणि मला बरं वाटलं असतं.) तर अशी गोष्ट. फीत तिथेच आहे, आणि छापखानेवाला उत्तराची वाट बघतो आहे.

बाकी सर्व ठीक. तू कामात असशील, एवढ्या लांबून यायची तसदी घेऊ नकोस. जेवत जा.

तुझा,
भाऊजी (सध्या जमिनीवर)

ता. क. — फीत सोडायला गेलो होतो असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. खिशात नवी फीत होती. जुनी पडायच्या आत ती बांधायची आणि कोणाला कळू द्यायचं नाही, असा बेत होता. मला उतरवताना ती खिशातून खाली पडली. कॅशिअरबाईने उचलली, फितीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सरसर वर गेली, जुन्या फितीशेजारी नवी घट्ट बांधली, खाली आली आणि स्टूल माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून मला बँकेत तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही, आणि दुकानाचं खातं तिथेच आहे.

आणखी एक ता. क. — तेव्हा ये. चढ असं म्हणत नाही. कॅशिअरबाई चढेल, तू खाली उभा राहून दोर धर. कड्याच्या त्या पोटाशी ताई डावा पाय कुठे टाकून बघत होती, ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. ते तिला सांग. दोन्ही फिती तू सोड, वाटेवर तुझाही तेवढाच हक्क आहे. आणि छापखानेवाला कसलीही वाट बघत नाही. मी त्याला सलग रेघ काढायला सांगून मोकळा झालो. गठ्ठे घरी आले आहेत, पलंगाखाली आहेत, पलंगावर आहेत, मी खुर्चीत झोपतो. एकही प्रत विकलेली नाही आणि वाट पुरी झाल्याशिवाय विकणार नाही. आजवर मी गिऱ्हाइकाला कधी फसवलेलं नाही (सागवानी म्हणून दिलेल्या काही फ्रेमा सोडून).

शेवटचं. तुम्ही चढायचात तेव्हा मी डबा घेऊन यायचो आणि कड्याकडे पाठ करून बसायचो, हे तुझ्या कधी ध्यानात आलं की नाही कोण जाणे. ती वरून ओरडायची, बघितलंत का? मी म्हणायचो, हो, झकास! एकदाही बघितलं नाही. बघवायचं नाही रे. माझी बायको कशी चढायची ते मला माहीत नाही. म्हणून ये. दोर धरता धरता मला सांगत जा, इथे ताई काय करायची, तिथे काय करायची. मी वर बघत राहीन.