भाऊजींच्या हातातली सुई

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच वाकलोय). तुझा खोकला कसा आहे? माझं बरं चाललंय. दात गेले, पण तोंड काही थांबलं नाही, असं तुझी भावजय म्हणते.

पत्रास कारण, येत्या रविवारी आमच्या जुन्या बस डेपोत मी काढलेले फोटो लावणार आहेत. तिकीट खिडकीवर होतो तेव्हा मी एक जुना कॅमेरा घेतला होता, आठवतं? तो दिसला की आमची माणसं बिघडायची. एरवी पाय पसरून चहात बिस्किट बुडवणारा ड्रायव्हर टोपी चढवून असा ताठ बसायचा, जणू बस नाही, विमान चालवतो. मग मी युक्ती केली. फिल्म संपली म्हणून सांगायचं आणि शेजारी नुसतं बसून राहायचं, ती कॅमेरा विसरली की हळूच टिपायचं. दोन फेऱ्यांच्या मधला तो वेळ काय गोड असायचा गं! इंजिन निवताना टकटक करायचं, कुणी बोटांवरची तिकिटांची शाई पुसायचं, कुणी रिकाम्या बसमध्ये खिडकीपाशी बसून उगीच प्रवासी व्हायचं.

त्यातच ड्रायव्हरच्या खाकीतले भाऊजी सापडले. (तुला सांगणार नाही अशी शपथ घेतलीय, म्हणून लिहितोय.) बसच्या पायरीवर बसून ते आपल्या कंडक्टरच्या शर्टाला बटण लावतायत, आणि कंडक्टर शर्ट अंगातच ठेवून समोर उभा, खदखदून हसतोय. होय, तुझेच यजमान, ज्यांना घरात स्वतःचा टॉवेल सापडत नाही. टाका तर असा सुबक, की तुझ्या भावजयीने चष्मा लावून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आता भाऊजी म्हणतात, हा फोटो लावलास तर मी येणार नाही आणि तुझ्याशी बोलणारही नाही. जन्मभर झाकलेली मूठ ती. पण कंडक्टर गेल्या वर्षी गेला, आणि बाप हसताना दिसतो असा त्याच्या मुलीकडे एकही फोटो नाही. सगळ्यांत तो ओळखपत्रावर बघतात तसा बघतोय. तिला मी हा फोटो लावतो असा शब्द देऊन बसलोय. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा ताई, तूच त्यांना घेऊन ये, आणि फोटोपुढे काहीच न दिसल्यासारखी उभी राहा.

तुझा,
म्हातारा झालेला धाकटा

ता.क. पत्र पाकिटात घालतोय तोच भाऊजी आले. फोटो काढून टाक, हे बजावायलाच आले होते. हातात घेतला आणि खाली बसले. फोटोतल्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "सुई टोचली होती रे त्याला. तरी हसत होता गाढव." मग एक प्रत मागितली. मोठी.

पुन्हा ता.क. तेव्हा वरची विनंती रद्द. फक्त फोटो घरी येईल त्या दिवशी बटणाबद्दल अवाक्षर काढू नकोस. दुसऱ्या दिवशी खुशाल शिवणाचा डबा त्यांच्यापुढे सरकव.