डावीकडची बाटली

१० डिसेंबर
शॉवरमधून आज फक्त सात धारा. पाच भिंतीवर, एक छतावर, एक माझ्या कानात. बाकीची भोकं क्षारांनी बुजलीत. देसांका म्हणाली, प्लंबरला बोलाव. मी म्हटलं, घरात पुरुष असताना? ती बराच वेळ हसली. बायकोने इतकं हसू नये.

१९ तारखेला आमच्या घरच्या संत निकोलाचा सण. सासरे झिवोयिन गावाहून येणार. गेल्या वर्षी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, जावयाच्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. यंदा तोंडात बोटं घालतील.

११ डिसेंबर, सकाळी ९
शॉवर निघाला. सोबत एक टाईलही निघाली. ती आधीच सैल होती.

बाल्कनीत दोन सारख्या बाटल्या आहेत. देसांकाने स्वयंपाकघरातून काचेपलीकडे बोट दाखवून बजावलं: डावीकडची व्हिनेगर, उजवीकडची बाबांची रकिया, आलुबुखाराची घरगुती दारू, सणाची आहे, हात लावलास तर बघ. मी बाल्कनीत तिच्याकडे तोंड करून उभा. डाव्या हाताची उचलली. चुकायला वावच नाही.

शॉवर पातेल्यात बुडवून बाथरूममध्ये ठेवला. दोघांनाही सर्दी, नाकं चोंदलेली, वास नाही की चव नाही. व्हिनेगरने सर्दी पळते म्हणतात. दोन चमचे घेतले.

१३ डिसेंबर
क्षार जागचे हललेले नाहीत. हल्ली व्हिनेगरही प्रामाणिक राहिलेलं नाही. सर्दीला मात्र रामबाण. चमचा सोडून पेल्यावर आलो.

जिन्यात शेजारच्या रूझाकाकूंना हाताला धरून दोन गिरक्या घेतल्या. त्यांनी विचारलं, काय रे ल्युबिशा, गोड बातमी आहे का? म्हटलं, हो, शॉवर.

१५ डिसेंबर
निर्णय: अख्ख्या इमारतीचे शॉवर मीच साफ करणार. मग निश शहराचे. देसांका विचारते, तोंड एवढं लाल का. कष्ट करतोय म्हणून.

१७ डिसेंबर
सासरे आले. शॉवर कुठाय, विचारलं. म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. बाथरूममध्ये अर्धा तास होते. गुणगुणत बाहेर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

१८ डिसेंबर
सासरे आज सहा वेळा बाथरूमला जाऊन आले. म्हणाले, बाथरूम फार छान ठेवलंयस. पातेल्यातलं व्हिनेगर निम्म्यावर आलंय. एवढ्या थंडीतही बाष्पीभवन होतं, नोंद करून ठेवतो.

१९ डिसेंबर
मेणबत्ती लागली. बारा पाहुणे उभे राहिले. देसांकाने बाल्कनीतली उरलेली बाटली आणून सगळ्यांचे पेले भरले. सगळ्यांनी एका घोटात रिचवलं. सासऱ्यांनी नाही. ते माझ्याकडे बघत होते.

सगळ्यांची तोंडं आंबट झाली. रूझाकाकू नुसत्या रडत होत्या. माझं नाक मात्र त्या क्षणी खाडकन मोकळं झालं, आणि आठवडाभर मी कशावर जगलो ते कळलं.

सासऱ्यांनी शॉवर आणला, सगळ्यांदेखत आपल्या भरल्या पेल्यात उलटा बुडवला. मासा खाऊन होईतो क्षार सुटले. उरलेली भोकं त्यांनी टाचणीने उघडली. मग म्हणाले, जावयाला काम येत नाही, पण माझी रकिया त्याने लपवली नाही, शॉवरला पाजली. सगळे हसले. देसांका सगळ्यात जास्त.

आता पाणी सरळ डोक्यावर येतं. निघालेल्या टाईलच्या जागी देसांकाने प्लंबरचा नंबर चिकटवलाय. नंबर सासऱ्यांचा आहे.