नऊ नंबरचा जंतू

३ मार्च, सकाळी १०
निर्धार: वीस तारखेच्या आत स्टार्च फोडणारा जंतू शोधणे. नाही सापडला तर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. सातवं वर्ष आहे. पण दर्जेदार कामाला वेळ लागतोच.

४ मार्च
कँटीनमागच्या गटारातून गाळ आणला. बटाटे धुतलेलं पाणी तिथंच जातं, म्हणजे जंतूंची पंगत. काळा, बुळबुळीत, वर कुणाचा तरी केस. शिसारी आली. प्रयोगशाळेतली टेबलशेजारीण असल्या बाटल्या उघड्या हातांनी धुते. लोकांना कशाचीच घाण वाटत नाही.

७ मार्च
नमुना ओढायच्या काचेच्या नळीला, पिपेटला, शेजारीण रबरी बल्ब लावते. मी तोंडाने ओढतो. जुनी पद्धत, कसब लागतं. ती म्हणाली, अहो, गटाराचं आहे ते. मी म्हटलं, सवय हवी. तेवढ्यात एक घोट पोटात गेला. पिपेटच खराब आहे.

११ मार्च
सापडला! नऊ नंबर. जंतू वाढवलेलं पाणी गाळून स्टार्चच्या प्लेटवर टाकलं, चार तासांनी आयोडीन ओतलं. सगळी प्लेट काळीनिळी आणि मधे बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ. तिथला स्टार्च फस्त. जंतूला माझं नाव द्यावं म्हणतो. बायकोला सांगितलं. म्हणाली, आधी चूळ भरा.

१३ मार्च
शेजारणीने तोच प्रयोग केला. वर्तुळ नाही. मी केला, लगेच वर्तुळ. एकेकाच्या हाताला यश नसतं. वाईट वाटलं, पण फार नाही.

१६ मार्च
गाईड इनक्युबेटरवर डबा ठेवून जेवतात. चाटलेल्या बोटांनी माझी प्लेट उचलली. मी ती लगेच पुसून घेतली. विचारत होते, जंतू न घालता नुसतं पाणी टाकून पाहिलंस का? पाण्याने कधी स्टार्च फुटतो? हो, पाहिलं म्हणून सांगितलं. उगाच एक दिवस कोण घालवणार.

२० मार्च, संध्याकाळ
समितीपुढे प्रात्यक्षिक. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी दोन नळ्या दिल्या. एकीत नऊ नंबर, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी. दोन्हींतलं मीच तोंडाने ओढून प्लेटवर टाकलं, मधेमधे समजावूनही सांगत होतो. चार तासांनी आयोडीन.
दोन वर्तुळं. पाण्याचं जरा मोठं.
मी म्हणालो, पाण्यातच काहीतरी आहे. बाईंनी माझी पिपेट उजेडात धरली. आत थुंकीचा लांब ओघळ. स्टार्च फोडणारं एन्झाइम माणसाच्या लाळेतही असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवतो.
नऊ नंबर स्टार्चला तोंडसुद्धा लावत नाही. रजिस्ट्रेशन रद्द.

२१ मार्च
टेबल रिकामं करायला गेलो. शेजारीण गटाराच्या बाटल्या धूत होती, नेहमीसारखी उघड्या हातांनी. त्या झाल्यावर तिने हात पुसले, कपाटातून हातमोजे काढून घातले आणि माझ्या पिपेटी धुवायला घेतल्या.