श्रवणाची अडचण असलेली व्यक्ती

प्रिय तातू,

तुझा फोटो मिळाला. डोडोमातल्या हॉटेलचा तो हॉल, मागे लांबलचक फलक, आणि तू व्यासपीठावर दोन्ही हात हवेत धरून उभी. काय सांगत होतीस ते कळलं नाही, कारण फोटोत हात थांबतात. पण दिसतेस छान. आईने फोन घेऊन सगळी आळी पालथी घातली. 'माझी धाकटी जिनिव्हाला चाललीय, आपल्या देशात अपंगांना कसं वागवतात ते सगळ्या जगाला सांगायला.' शेजारच्या झेनामावशीने विचारलं, 'हो का? कसं वागवतात?' आईने चहा पुढे केला. हे तिनेच घरी येऊन मला हातवारे करत सांगितलं. मी हसले, पण संध्याकाळपर्यंत माझं डोकं पुन्हा तापलं होतं, आणि ते अजून निवलेलं नाही. तेव्हा हे पत्र जरा सांभाळूनच वाच.

मला काय हवंय ते तुला माहीत आहे. पुढच्या महिन्यात माझं बाळंतपण आहे. खाटेपाशी, मला दिसेल असं, हातांनी बोलणारं एक माणूस हवं. मागच्या खेपेला त्या नर्सच्या तोंडावर मास्क होता. ती ओरडतेय एवढं तिच्या गळ्याच्या शिरांवरून कळत होतं. 'जोर लाव' म्हणतेय की 'थांब' म्हणतेय, ते मी कशावरून ओळखायचं? मी जोर लावत राहिले. ती थांब म्हणत होती आणि नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती, हे नंतर डॉक्टरांनी आईला सांगितलं, आणि आईने मला. आईच्या हातांत स्वयंपाक, बाजार आणि रागावणं एवढीच भाषा आहे. नाळ कशी सांगायची ते तिला माहीत नव्हतं. तिने स्वतःच्या गळ्याभोवती ओढणी गुंडाळून दाखवली. तू त्या दिवशी खोलीच्या दाराबाहेर उभी होतीस. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, आणि तुझ्या गळ्यात दुभाषीचं ओळखपत्र नव्हतं.

नंतर तू परीक्षा दिलीस, ओळखपत्र मिळवलंस आणि राजधानीत, डोडोमाला गेलीस. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. लहानपणी माझ्यासाठी बाजारात भांडणारी माझी बहीण आता सरकारशी भांडणार होती. पहिल्या सुट्टीत आलीस तेव्हा ओट्यावर बसून मला आपल्या स्वाहिलीचं व्याकरण शिकवलंस. सुरीला किसू, कपाला किकोम्बे आणि बहिऱ्याला किझीवी. बघ म्हणालीस, माणसांचे शब्द वेगळ्या अक्षराने सुरू होतात, आणि तुम्हाला मात्र भाषेने सुऱ्या-कपांच्या रांगेत बसवलंय. हा अपमान आहे, अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात बसत नाही, राष्ट्रीय धोरणात हा शब्द आम्ही ठेवणार नाही. तू इतकी तावातावाने बोलत होतीस की मला मध्ये हात घालायला जागाच मिळाली नाही. खरं तर मला सांगायचं होतं की आमच्या बहिऱ्यांच्या संघाच्या पाटीवर तोच शब्द आहे, माझ्या नवऱ्याने, अथुमानीने स्वतः लाकडात कोरलेला. आम्ही एकमेकांना तसंच म्हणतो. मला कपाशेजारी बसायला काही वाटत नाही, कपात निदान चहा तरी मिळतो. पण तुमच्या समितीने हॉटेलात बसून शब्द बदललाच. आम्ही आता श्रवणाची अडचण असलेल्या व्यक्ती.

तर ऐक, गेल्या आठवड्यात तुझ्या त्या शब्दाने काय केलं. आई आणि मी इस्पितळात गेलो. भिंतीवर नवं पत्रक लावलंय, रंगीत, खाली त्या आंतरराष्ट्रीय कराराचं नाव. श्रवणाची अडचण असलेल्या व्यक्तींना दुभाषी मिळेल, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी बोट ठेवून आईला हातांनी समजावलं. खिडकीपाशी कोम्बो नावाचा एक तरुण कारकून होता, अगदी नम्र; पुढचं सगळं मी त्यांच्या ओठांवरून वाचलं, राहिलेलं आईने घरी सांगितलं. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं आईला वाकून 'शिकामू' म्हणाला, बसायला बाक दिला. आई म्हणाली, 'बाबा, माझी मुलगी किझीवी आहे, तिला बाळंतपणाला दुभाषी हवा.' त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. 'आई, तो शब्द आता म्हणायचा नाही. आमचं प्रशिक्षण झालंय.' आई म्हणाली, 'बरं, मग काय म्हणू?' त्याने पत्रकाकडे बोट केलं. आई म्हणाली, 'ठीक आहे, तिला ऐकायची अडचण आहे.' तो खूश झाला आणि त्याने लगेच आम्हाला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. अडचण असली की आधी तपासणी, असं त्याचं म्हणणं.

एवढं मोठं पोट घेऊन मी त्या बाकावर दुपारपर्यंत बसले. पाय सुजून चपलेत मावेनात. डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं, मळ काढला, यंत्र लावलं, डोकं हलवलं. मग आईला म्हणाला, 'हिला अडचण कसली? हिला काहीच ऐकू येत नाही.' आई म्हणाली, 'तेच तर मी सकाळपासून सांगतेय.' त्याने कागदावर लिहून दिलं, पूर्ण किझीवी. आम्ही तो घेऊन परत खिडकीवर. कोम्बोने कागद वाचला, पत्रक वाचलं, पुन्हा कागद वाचला. बिचारा खरोखर दुःखी झाला. 'आई, सवलत अडचणवाल्यांना आहे. किझीवींचं यात काही लिहिलेलं नाही.' तातू, माझी बाई, तुम्ही आमचा शब्द पुसलात आणि त्याच्याबरोबर आम्हीही पुसले गेलो. मला तिथेच रडू कोसळलं. रागाने आलं होतं ते, पण रांगेतल्या बायकांना वाटलं कळा सुरू झाल्या, आणि त्यांनी मला धरून आडवं केलं. मी हातांनी नको नको म्हणतेय, आणि एक जण माझे हातच घट्ट धरून बसली. प्रेमानेच, बरं का. माझं तोंड बांधलंय हे तिला कळणार कसं?

आईने मात्र त्या दिवशी कमाल केली. तिने बाकावरून हलायचंच नाकारलं. ओढणीतून चपात्या काढल्या आणि सगळ्यांना वाटत बसली. 'माझं एक नातवंड इथेच गेलं. दुसऱ्याच्या वेळी मी शब्दाचे अर्थ ऐकून घरी जाणार नाही,' असं ती प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. शेवटी मोठ्या सिस्टर, पिली त्यांचं नाव, खाली आल्या. बाई कडक आहेत, पण मास्क खाली ओढून माझ्याकडे तोंड करून बोलल्या, मला त्यांचे ओठ वाचता यावेत म्हणून. पत्रक बाजूला ठेवू म्हणाल्या, ओळखपत्रवाला दुभाषी आणा, मी माझ्या जबाबदारीवर आत घेते. पण बाईमाणूस हवं, आत इतर बाळंतिणी असतात. आईने लगेच विचारलं की असं कोण आहे. आपल्या सगळ्या किनाऱ्यावर ओळखपत्रवाले दोघेच. एक उस्ताद मकामे, त्यांना पांढरी दाढी आहे. दुसरी तू.

आणि माझ्या बाळंतपणाच्याच आठवड्यात तू जिनिव्हाला. तिथे तुमच्या समितीतर्फे सांगणार की इस्पितळांत दुभाषींची सोय झाली आहे. तू मसुदा पाठवला होतास ना, मी वाचला. चांगला लिहिलाय. त्यात आपल्या इस्पितळातल्या पत्रकाचाही उल्लेख आहे, तो वाचून तर तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणते तिला बोलावून घे. अथुमानी म्हणतो बोलवू नको, देशाचं काम आहे, आपण सिस्टर पिलींना चार खुणा शिकवू. तो रोज संध्याकाळी जाऊन त्यांना 'थांब' आणि 'जोर लाव' शिकवतो. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. मी घाबरलेय, तातू. दिवसभर चिडते ते त्यामुळेच.

तरी ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. यायचं की जायचं ते तूच ठरव, तू लहान नाहीस. मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती फोनच्या पडद्यावर विचारली असती तर नेटवर्क गेलं म्हणाली असतीस. एकदा विचारली होती, बाळ गेलं त्याच आठवड्यात, मागच्या अंगणात. तू मान फिरवून भिंतीकडे बघत राहिलीस, आणि माझ्याशी बोलताना मान फिरवली की बोलणं संपतं. मग परीक्षा देऊन तू गेलीसच. तू एवढी धोरणं लिहितेस, एवढे शब्द बदलतेस, ते कशापासून पळून, हे मला न कळण्याइतकी मी खुळी नाही. माझा तुझ्यावर राग नाही, त्या दिवसाचा तर मुळीच नाही. पण आत मी होते आणि मला ऐकू येत नव्हतं. दाराबाहेर तू होतीस, आणि तुला येतं. आई म्हणते तिला आठवत नाही. दुसरं बाळ हातात घेण्याआधी मला पहिल्याचं एवढं तरी ठाऊक हवं. तातू, माझा मुलगा रडला होता का?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
सौमू