टपोरं अक्षर

शुक्रवार, संध्याकाळ

आज शाळेतली तक्रारपेटी उघडली. रिकामी. मुख्याध्यापक खूश. "बघा बाई, एकही तक्रार नाही!"

गेल्या महिन्यात एक बिननावाची चिठ्ठी निघाली होती. 'खेळाच्या सरांची भीती वाटते.' कोणी लिहिलं असेल, असं मुख्याध्यापक म्हणाले मात्र, आणि मी शहाणी पटकन बोलून गेले, "हे टपोरं अक्षर नववीतल्या सायलीचं." पाचवीपासून तिच्या वह्या तपासतेय ना! काय गरज होती?

त्यांनी सायलीला बोलावलं, त्याच सरांसमोर. "मी नाही लिहिलं," ती म्हणाली. बघत होती माझ्याकडे.

आत्ता निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. सायलीची वही उघडली. ते टपोरं अक्षर कुठेच नाही. सगळं मुद्दाम वाकडं, बारीक काढलेलं. मलासुद्धा ओळखता येऊ नये असं.