कळ उतरवायचा मंत्र

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. अलीकडे तर तो वाढलाच आहे, आणि त्याला एक पुस्तक कारण झालं.

इथे आखातात, झिंज भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी ते आणलं. इंग्रजी आहे, शेजारी डिक्शनरी ठेवून वाचते. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेकडच्या जुन्या लोकांचे रोग उतरवायचे मंत्र आणि ताईत असा त्याचा विषय. ती माणसं बरीचशी तुमच्यासारखी होती. तापाला राक्षस समजायची आणि तू सापडलास, आता पळ, म्हणून त्याला दम भरायची. गळ्यात देवाचा छोटासा हातोडा घालायची. पुढे ख्रिस्ती झाली तरी एकाच मंत्रात धरती, सूर्य आणि मेरी सगळ्यांनाच विनवायची, की आम्हाला बरं करणारे हात द्या, बरं करणारी जीभ द्या. पण ती लिहून ठेवत होती, अण्णा. काठीवर, हाडावर, तांब्याच्या पत्र्यावर, शिशाच्या पट्टीवर कोरून. कुठल्या कोण माणसांचे मंत्र इतक्या शतकांनी मला इथे बसून वाचता येतात, आणि सख्ख्या बापाचा एक शब्द मला माहीत नाही.

तुम्ही छातीतली कळ उतरवायचात. लांबून माणसं यायची, ओटीवर बसायची. तुम्ही पुटपुटत पितळीतलं पाणी ढवळायचात आणि मी दारात उभी राहून तुमच्या ओठांकडे बघायची. आम्ही सुट्टीवर आलो होतो त्या वर्षीच्या ग्रहणाला तुम्ही यांना नदीवर घेऊन गेलात, कमरेएवढ्या पाण्यात उभं करून मंत्र दिलात. ओल्या कपड्यांनी दोघं परत आलात. मी विचारलं, ‘‘मला का नाही?’’

‘‘मुलीला दिला की मंत्र परक्या घरी जातो.’’

‘‘मग जावई काय तुमच्या घरचा?’’

‘‘तोंड फार चालतं तुझं. जावईबापूंना परमुलखात राहायचंय. असू दे जवळ.’’

हे हसत होते. रात्री मी विचारलं तर म्हणाले, ‘‘सांगितला तर त्याचा गुण जातो गं. अण्णांनी शपथ घातलीये.’’ शिकलेला माणूस, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलणारा. पण तुम्ही दिलेलं ते खोटं कसं मानतील?

तिथेच ते गेले. वर्कशॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. त्यांच्याबरोबर काम करणारा सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत येईना. ‘‘भाभी, गाडी खड़ी थी. हम बोले, यल्ला, हॉस्पिटल चलो. वो हाथ से रोक दिए. बोले, पाँच मिनट, अभी उतर जाएगा. आँख बंद करके मुँह में कुछ पढ़ते रहे.’’ काय पढत होते ते त्याला कळलं नाही. मला कळलं. गाडी उभी होती, अण्णा. तुम्ही त्यांच्या दिवसकार्याला आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘‘उच्चारात काही चुकलं असेल.’’ माझ्या नवऱ्याचा उच्चार चुकला! तेव्हा मी काही बोलले नाही, घरात माणसं होती. नंतर बोलेन म्हटलं, तर वर्षाच्या आत तुम्हीही गेलात.

आता मागच्या महिन्यातलं सांगते. माझी मुलगी इथेच बँकेत आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती ओट्याला टेकली आणि छाती धरून खाली बसली. मी चप्पल शोधतेय, टॅक्सीला फोन लावतेय, आणि ती माझा पदर ओढून म्हणते, ‘‘वेट, आई. आजोबांचा मंत्र म्हण ना. फर्स्ट दॅट.’’ हे तिला कोणी सांगितलं? बाप सांगून गेला असणार, लहानपणी गोष्ट म्हणून. मी ओरडले, ‘‘खलास! एक शब्द बोलू नकोस, ऊठ!’’ अशी ओरडले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. शेजारीण वसईची, नर्स आहे. तिनेच गाडी काढली.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं. रिपोर्ट यायला वेळ होता. ती घाबरली होती. पुन्हा तेच, ‘‘प्लीज, आई. नाऊ यू कॅन.’’ मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि तोंडाला येईल ते म्हणत गेले. कळे, तू सापडलीस. हिच्या पाठीतून निघ, खांद्यातून निघ, समुद्रात जा. काही त्या पुस्तकातलं, काही माझं. तुमच्यासारखं पुटपुटले, शब्द ऐकू जाणार नाहीत असं. ती झोपली. रिपोर्ट चांगले आले, हृदयाला काही नाही, पित्त होतं.

घरी आल्यापासून ती मैत्रिणींना फोनवर सांगते, की आमच्या आजोबांचा मंत्र आहे, इट रिअली वर्क्स. मी शेजारी बसून भाजी निवडत असते. तो मंत्र तुमचा नव्हता, आणि गुण इंजेक्शनाचा होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.