वरच्या हॉलचं कुलूप

प्रिय दादा,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. आवाज ऐकला असता तर कदाचित विरघळले असते, आणि मला विरघळायचं नव्हतं.

पुराला तीन महिने झाले. बाबांच्या सुतारकामाच्या दुकानातला गाळ निघाला, यंत्रं मात्र गेली. वरचा हॉल सकाळपासून गजबजलेला असतो. बाबांनी तो गल्लीसाठीच बांधला होता. ते गेल्यावर विकायचा म्हणून तू त्याला कुलूप घातलंस, बाकं बाहेर काढलीस आणि मी गप्प बसले. तेवढी चूक माझी.

पाणी चढलं त्या सकाळी सगळी गल्ली हॉलच्या जिन्यावर जमली. दुसरी उंच जागाच नव्हती. किल्ली तुझ्याकडे आणि तू दुसऱ्या शहरात. मी फोन केला तर म्हणालास, "कुलपाला हात लावलात तर एकेकाला पोलिसात देईन. ओसरेल पाणी, थांबा थोडं." माणसं घाबरली, थांबली. शेवटी प्लंबरकाकांनी करवतीनं कुलूप कापलं, पण तोवर तासभर गेला होता. शिवणकामवाली मावशी खालच्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात. पोरं आधी वर जाऊ देत म्हणाली. तिचा पाय सटकला. दोन दिवसांनी सापडली. आई गेल्यावर आपल्या दोघांना जिनं जेवू घातलं, ती मावशी.

रडायला कुणाला सवड नव्हती. हॉलमध्ये शेगड्या पेटल्या. नर्सताईनं कोपऱ्यात दवाखाना मांडला. कुणाला कुठली गोळी लागते, तिला तोंडपाठ. मास्तरांनी सगळ्यांचे भिजलेले दाखले दोरीवर वाळत घातले. रोज सगळ्यांनी मिळून एक घर धुवायचं, सुरुवात एकट्या म्हाताऱ्यांपासून. महिन्याभरात गल्ली उभी राहिली. पलीकडच्या नव्या इमारतींत शेजाऱ्याला शेजारी माहीत नाही. तिथे अजून चिखल आहे. आता आमचीच माणसं फावडी घेऊन तिकडे जातात.

संध्याकाळी हॉलमध्ये बसून आम्ही आणखी एक काम केलं. कोण कुठल्या पायरीवर होतं, काय बघितलं, काय ऐकलं, ते प्रत्येकानं लिहून काढलं. माझा फोन स्पीकरवर होता, दादा. तुझा शब्द न् शब्द जिन्यानं ऐकलाय.

तू पाठवलेला कागद पोचला. हॉल त्या दिवशी उघडाच होता, असं मी मावशीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे लिहून द्यायचं. धाकट्या बहिणीनं भावासाठी एवढं करावं, अशी सोबत चिठ्ठी. सही मी केलेली नाही. कागद फाडलाही नाही. चिठ्ठीसकट काल चौकशीत जमा केला. अक्षर तुझंच आहे, हेही मीच सांगितलं. माफी मागायला घरी येऊ नकोस, मला ती नकोय. सोमवारच्या सुनावणीला ये. अख्खी गल्ली समोर बसलेली असेल, पहिल्या रांगेत मी. तुझा चेहरा मला जवळून बघायचाय.

तुझीच, नाइलाजानं,
धाकटी